रायडरमधला '१०५ डीबी' आणि माझे गेलेले ५८ हजार



साउंड भाड्याने देण्याच्या धंद्याचं गणित मी मागच्या व्हिडिओत सांगितलं. त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, कलाकाराच्या मॅनेजरने पीडीएफ पाठवलंय. माईक, मॉनिटर सगळं कळलं, पण आवाजाची ओळ कळत नाही. हो म्हणू का?"

ती ओळ साधारण अशी असते: सिस्टीम एफओएचवर १०५ डीबीए आवाज न फाटता, १० डीबी हेडरूम ठेवून देऊ शकली पाहिजे आणि सगळ्या प्रेक्षकांत फरक प्लस-मायनस ३ डीबीपेक्षा जास्त नको.

रायडर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कलाकाराला कार्यक्रमासाठी काय काय लागेल त्याची ती लेखी यादी. तिच्यातल्या तांत्रिक भागाला टेक रायडर म्हणतात. एफओएच म्हणजे समोर प्रेक्षकांत जिथे मेन मिक्सर लावतो ती जागा. एवढं पुरे. आता वरची ओळ परत वाचा, कारण या ओळीने माझे ५८ हजार खाल्ले आहेत.

डिसेंबर २०१९. सावेडीतल्या माझ्या दुकानाचं तिसरं वर्ष. स्वतःचे ४ टॉप, ४ बेस, एक डिजिटल मिक्सर, आणि अंगात भरपूर जोश. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजचं गॅदरिंग होतं, पुण्याहून बँड येणार होता. माझा दर ठरला ९० हजार. ११ पानांचं रायडर आलं. मी बीबीए केलंय. तिथे ब्रेक-इव्हन शिकवतात, डेसिबल नाही शिकवत. मी काय केलं, माझ्या टॉपचं कंपनीचं शीट उघडलं. त्यावर लिहिलेलं, मॅक्सिमम एसपीएल १३१ डीबी. रायडरमध्ये मागितलेत १०५. १३१ मोठे की १०५? मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर लिहून टाकलं, "ओके सर, कन्फर्म."

दुपारी ३ वाजता त्यांचा इंजिनिअर आला. बॅगेतून मीटर काढलं, मिक्सरजवळ धरलं, एक गाणं लावलं. ९४. म्हणाला, वाढवा. ९६. वाढवा. ९७ला टॉपवरचा लिमिटरचा लाल दिवा लागून राहिला आणि गाणं चिरकायला लागलं. तो अजिबात चिडला नाही, हेच जास्त लागलं. म्हणाला, "दादा, हे रायडर तुम्हीच कन्फर्म केलंय ना?"

शेवटी ओळखीतल्या दुसऱ्या साउंडवाल्याकडून ऐनवेळी सामान मागवलं. टेम्पो, दोन पोरं, घाईचा रेट, सगळे मिळून ५८ हजार. ९० मधून ते गेले, माझा स्वतःचा मजुरी-डिझेल-जनरेटरचा खर्च गेला, आणि घरी येताना खिशातले ३ हजार कमी झाले होते. ब्रेक-इव्हन सुद्धा नाही.

चूक कुठे झाली ते आता सांगतो. ती एक नव्हती.

आकडा कुठे मोजलेला आहे?

कंपनीच्या शीटवरचे १३१ डीबी हे डब्यापासून १ मीटरवरचे असतात. रायडरमधले १०५ हे एफओएचवरचे आहेत, आणि माझं एफओएच त्या दिवशी स्टेजपासून ३० मीटरवर होतं. उघड्या मैदानात साध्या डब्याचा आवाज, अंतर दुप्पट झालं की ६ डीबीने कमी होतो. १ चे २ मीटर, ६ गेले. २ चे ४, आणखी ६. असं करत ३० मीटरवर पोहोचेपर्यंत जवळजवळ ३० डीबी हवेत गेलेले असतात.

अंतर न सांगता दिलेल्या डेसिबलला काही अर्थ नाही. 'द हू' नावाचा ब्रिटिश रॉक बँड आहे. ३१ मे १९७६ ला लंडनमधल्या चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर त्यांचा जो कार्यक्रम झाला तो जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा म्हणून गिनीज बुकात गेला. नोंद काय आहे बघा: स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डीबी. म्हणजे विक्रमाच्या नोंदीत सुद्धा आकड्यासोबत अंतर आहे. पुढे गिनीजने लोकांचे कान खराब होऊ नयेत म्हणून हा विक्रमाचा प्रकारच बंद केला. आपल्याकडे मात्र मिरवणुकीच्या गाडीवर अजून '५० हजार वॅट'चं बॅनर लागतं, ना अंतर, ना काही.

दुसरी गोष्ट, शीटवरचे १३१ हे 'पीक' असतात. म्हणजे ढोलकीची थाप किंवा ड्रमचा दणका, क्षणभराचं टोक. रायडरमधला आकडा बहुतेक वेळा सरासरीचा असतो. संगीतात सरासरी आणि टोक यांत साधारण १० ते १२ डीबीचा फरक धरून चाला. आता माझ्या त्या दिवसाचं गणित करू, वही घ्या.

१३१ मधून टोकाचे १२ वजा, राहिले ११९. अंतराचे ३० वजा, ८९. एका बाजूला दोन टॉप होते, ते नीट जुळले तर जास्तीत जास्त ६ मिळतात, ९५. दुसरी बाजू धरून आणखी ३, एकूण ९८. हे कागदावरचं, सगळं मनासारखं झालं तर. प्रत्यक्षात ९७ला लाल दिवा लागला. म्हणजे गणित खोटं बोलत नव्हतं, मीच ते केलं नव्हतं.

९८ आणि १०५, फरक फक्त ७चा. बऱ्याच जणांना वाटतं, सातच तर आहेत, अजून एक जोडी टॉप आणू. इथेच फसतो आपण. डेसिबल किलोसारखे वाढत नाहीत. वॅट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात. १० डीबी हवे असतील तर दहापट वॅट लागतात. ७ डीबी म्हणजे पाचपट ताकद. पाचपट! म्हणून वॅटवर बोलणाऱ्या गिऱ्हाईकाला मी आता हसून पाणी देतो आणि विषय मैदानाच्या लांबीवर आणतो. वॅटमध्ये पण परत आरएमएस, प्रोग्रॅम आणि पीक असे तीन आकडे असतात, एकाच स्पीकरचा पीक आकडा आरएमएसच्या चौपट छापलेला असतो. खरेदी करताना आरएमएसच बघा, बाकीचे आकडे बॉक्सवर छान दिसण्यासाठी असतात.

डीबीच्या मागचं अक्षर

डीबीए आणि डीबीसी. हे अक्षर सोडून वाचलं तर रायडर वाचलंच नाही असं समजा.

'ए' म्हणजे माणसाच्या कानासारखं मोजणं. आपला कान खालच्या, जाड आवाजाला कमी संवेदनशील असतो, म्हणून मीटर 'ए'वर असताना बेस जवळजवळ मोजतच नाही. ६३ हर्ट्झचा, म्हणजे बेसच्या डब्यातून येतो तो घुमणारा आवाज, 'ए'वर २६ डीबीने कमी दाखवला जातो. तोच 'सी'वर एक डीबीसुद्धा कमी होत नाही. त्यामुळे बेस दणदणीत असलेल्या कार्यक्रमात एकाच क्षणी, एकाच जागी मीटर 'ए'वर ९८ आणि 'सी'वर ११० दाखवू शकतं. दोन्ही खरं.

आता विचार करा. रायडरमध्ये '११० डीबीसी' लिहिलंय आणि तुम्ही ते ११० डीबीए समजलात, तर तुम्ही गरजेपेक्षा दहापटीहून जास्त ताकदीचं कोटेशन द्याल आणि काम दुसऱ्याकडे जाईल. उलट झालं तर माझ्यासारखी गत. आणि नुसतं '११० डीबी' लिहिलं असेल, अक्षर नसेल, तर अंदाज बांधू नका. फोन करा. लाज वाटू देऊ नका. मी जेवढ्या इंजिनिअरना हा प्रश्न विचारला त्यातल्या एकानेही मला कमी लेखलं नाही. उलट समोरच्याला कळतं की दुकानदार रायडर वाचून बोलतोय.

'देऊ शकली पाहिजे' म्हणजे 'वाजवणार' नाही

हा भाग मला कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि पैसा इथेच आहे.

रायडर म्हणतं, सिस्टीम १०५ देऊ *शकली* पाहिजे. क्षमता. बाईकच्या मीटरवर १६० लिहिलेलं असतं म्हणून नगर-मनमाड रोडवर कोणी १६० ने जातं का? तिथे ४० ला जीव मुठीत असतो. पण गाडीत ताकद शिल्लक असली की ४० ला ती आरामात चालते, हँडल थरथरत नाही. सिस्टीमचं तेच. इंजिनिअरला ९८वर शो करायचा असेल तर त्याला अशी सिस्टीम हवी असते जी ९८ला घाम गाळत नाही. गायिकेने अचानक वरचा सूर लावला, ड्रमरने जोर काढला, तरी आवाज फाटत नाही. त्या शिल्लक ताकदीला हेडरूम म्हणतात.

आता वरची ओळ पुन्हा बघा. '१०५ डीबीए, १० डीबी हेडरूम ठेवून.' याचे दोन अर्थ होतात. एक, सरासरी १०५ वाजेल आणि त्याच्या वर आणखी १० शिल्लक हवेत. दुसरा, सिस्टीमची सगळी ताकद १०५ची हवी आणि शो ९५च्या आसपास चालेल, मधले १० म्हणजेच हेडरूम. दोन अर्थांत फरक १० डीबीचा. १० डीबी म्हणजे किती? दहापट वॅट. एका फोनने, एका प्रश्नाने कोटेशन लाखाने इकडचं तिकडे होतं.

प्रश्न असा विचारायचा: "सर, शो साधारण किती डीबीएवर चालवता, आणि ती सरासरी किती मिनिटांची?" मिनिटं का, तर १ मिनिटाची सरासरी एका दणदणीत गाण्याची असते आणि १५ मिनिटांची सरासरी टाळ्या, बोलणं, हळू गाणं धरून असते. परदेशात हे नियमातच लिहिलेलं आहे. फ्रान्समध्ये प्रेक्षकांच्या जागी १५ मिनिटांची सरासरी १०२ डीबीएच्या वर नको, जर्मनीच्या मानकात ३० मिनिटांची सरासरी ९९. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डीबी ही वरची मर्यादा सांगितली. त्यामुळे नीट लिहिलेल्या रायडरमध्ये चालवायचा आकडा ९५ ते १०२ च्या दरम्यान सापडतो. कोणी ११० डीबीए *सरासरी* मागत असेल तर एकतर त्याने रायडर कुठून तरी कॉपी केलंय, किंवा अक्षराची गडबड आहे.

माझ्या त्या गॅदरिंगचं पुढे काय झालं? सामान आलं, शो झाला, पोरं नाचली. सामान भरताना मी इंजिनिअरला विचारलं, शेवटी किती वाजवलंत? म्हणाला, "९८. पोरांचे कान आहेत, १०५ कोण वाजवतं?"

आदल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारला असता तर हेडरूमसाठी काही टॉप भाड्याने लावून भागलं असतं, तेही शांतपणे, घाईचा रेट न देता.

शेवटच्या रांगेतलं गिऱ्हाईक

प्लस-मायनस ३ डीबीचं थोडक्यात. स्टेजजवळ जमिनीवर ठेवलेल्या डब्यापासून ५ मीटरवर बसलेल्या आणि ४० मीटरवर बसलेल्या माणसाला मिळणाऱ्या आवाजात १८ डीबीचा फरक असतो. पुढच्याचे कान फुटतात, मागचा म्हणतो 'आवाज नाही'. मग ऑपरेटर वाढवतो आणि पुढचा उठून जातो. याला उपाय वॅट नाही. टॉप उंच न्या, खाली झुकवा, किंवा मैदानाच्या मध्यावर छोटे डिले टॉप लावा. डिलेचं गणित सोपं: एक मीटरला साधारण ३ मिलिसेकंद, ४० मीटरला ११५ ते ११७. आणि एक हात जोडून विनंती, टॉप मंडपाच्या बांबूला किंवा पाइपला टांगू नका. मंडपवाला 'काही होत नाही' म्हणतो, पण वारा सुटला की काय होतं ते आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या वावटळीला विचारा.

तोंडी रायडर

तुम्ही म्हणाल, सर, आमच्याकडे पीडीएफ येतच नाही. खरंय. आपल्या जिल्ह्यात वर्षभराच्या धंद्यात लेखी रायडर मोजकेच. बाकी सप्ताह, यात्रा, वाढदिवस, सत्कार. मोठे तमाशा फड तर स्टेज, लाईट, साउंड सगळं स्वतःच्या ट्रकमध्ये घेऊन फिरतात, तिथे आपलं कामच नाही. पण तोंडी रायडर प्रत्येक ठिकाणी असतं, फक्त ते डेसिबलमध्ये नसतं.

"महाराजांचा शब्द न् शब्द कळला पाहिजे." हे कीर्तनाचं रायडर. इथे जोर नको, स्पष्टपणा हवा. शेवटच्या माणसाला ८० ते ८५ डीबीए मिळाले आणि माईक शिट्टी मारत नसेल तर काम झालं. बेस जवळजवळ बंद, छोटे टॉप जास्त ठिकाणी. पखवाजाला थोडा बेस द्या, बास. मोठे डबे नेऊन दर वाढवायचा मोह होतो. मला पण झालाय. पण महाराजांचं बोलणं घुमायला लागलं की पुढच्या वर्षी सप्ताहाची कमिटी फोन करत नाही.

"छाती हलली पाहिजे." हे डीबीसीचं रायडर आहे, अक्षर न लिहिलेलं. या गिऱ्हाईकाला टॉप नको, बेस हवाय. त्याला टॉप वाढवून दिले तर तो म्हणेल 'आवाज टोचतोय, पण मजा नाही'.

"आवाज फाटला नाही पाहिजे." हे सरळसरळ हेडरूम मागतंय.

"मागच्या वर्षीपेक्षा जास्त पाहिजे." याला उत्तर नाही. मागच्या वर्षी कोणाचा साउंड होता, कुठे लावला होता, पब्लिक किती होतं हे विचारायचं आणि जागेवर जाऊन बघायचं. बहुतेक वेळा मागच्या वर्षी डबे चुकीच्या दिशेला तोंड करून होते एवढंच निघतं.

दुसरा आकडा, जो रायडरमध्ये नसतो

रायडर प्रेक्षकांच्या जागी मोजतं. आपला कायदा मैदानाच्या हद्दीवर मोजतो. परदेशातले ते ९९-१०२ चे नियम ऐकणाऱ्याच्या कानासाठी आहेत, आपला नियम शेजाऱ्यासाठी. म्हणून दोन्ही आकडे एका कागदावर लिहिल्याशिवाय कोटेशन देऊ नका.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबीए, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागेवर लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर या आकड्याच्या वर जास्तीत जास्त १०, किंवा ७५, यातलं *जे कमी असेल ते*. आपल्यात सगळे '७५ची लिमिट' म्हणतात. नीट वाचा: निवासी भागात दिवसा ५५ अधिक १०, म्हणजे ६५ झाले. ७५ नाही.

आता गणित. एफओएचवर, ३० मीटरवर, ९८ डीबीए. ६० मीटरवर ९२, १२० वर ८६, २४० वर ८०. म्हणजे पाव किलोमीटरवरच्या घरासमोर, डब्यांचं तोंड तिकडे असेल तर, कागदावर ८० निघतात. वाडिया पार्कसारखं शहराच्या मधलं मैदान आणि गावाबाहेरचं यात्रेचं माळरान, यांना एकच सिस्टीम एकाच पद्धतीने लावता येत नाही ती यामुळे. मग काय करायचं? स्टेजची दिशा आधी ठरवायची, मंडपवाल्याने खांब रोवायच्या आधी, म्हणजे डब्यांचं तोंड शेताकडे आणि पाठ वस्तीकडे येईल. टॉप झुकवून आवाज प्रेक्षकांवर पाडायचा, डोक्यावरून जाऊ द्यायचा नाही. बेस एका ओळीत लावून त्यातला एखादा उलटा फिरवून, डिले आणि पोलॅरिटी बदलून लावला की मागच्या बाजूला बेस साधारण १० डीबी तरी कमी होतो. याला कार्डिऑइड म्हणतात, यावर वेगळा व्हिडिओ आहे. बेसचं लक्षात ठेवा: डीबीएच्या मीटरवर तो दिसत नाही, पण शेजारच्या आजोबांच्या खिडकीची काच तोच हलवतो, आणि तक्रारीचा फोन आजोबा करतात, मीटर नाही.

आणि एवढं करूनही आकडा बसत नसेल तर मॅनेजरला सरळ सांगायचं, या जागी ९८ जमणार नाही, ९२ जमेल.

वेळेचं पण तसंच. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, ते दिवस आधी जाहीर होतात, जिल्हाधिकारी कार्यालयाची यादी दरवर्षी बघून दुकानात चिकटवा. ही सूट वेळेची आहे, आवाजाची नाही. कोणी म्हणेल, मोठ्या लोकांना कोण विचारतं? १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळायचे. १० च्या नियमानंतर त्यांनासुद्धा वेळापत्रक बदलावं लागलं. २०१८ च्या गणपतीत डीजेवरच्या बंदीविरुद्ध साउंडवाल्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, विसर्जनाआधी तिला दिलासा मिळाला नाही. परवानगी आयोजकाच्या नावावर असते हे खरं, पण कारवाई झाली तर गाडीवर चढतो तो मिक्सर तुमचा असतो, आणि त्याचा हप्ता पण तुमचाच.

म्हणून माझ्या कोटेशनवर आता सुरू होण्याची वेळ लिहिलेली असते. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि बँडला ९ वाजता स्टेज मिळालं, तर १० वाजता बंद करणारा मी वाईट ठरतो. लिहिलेलं असलं की निदान भांडण लहान होतं.

उत्तर कसं लिहायचं

'ओके कन्फर्म' हे दोन शब्द मी धंद्यातून काढून टाकलेत. इसार घ्यायच्या आधी मी जे पाठवतो ते असं:

"नमस्कार. रायडर वाचलं. मैदान ४५ बाय ७० मीटर, उघडं, मागे १५० मीटरवर वस्ती. एफओएच ३० मीटरवर, मध्यभागी. आमची सिस्टीम या जागी न फाटता ९८ डीबीए देते, ही ५ मिनिटांची सरासरी, आणि त्यावर टोकांसाठी जागा आहे. तुमचा शो यात बसतो का? बसत नसेल तर जादा टॉपचा दर वेगळा कळवतो. परवानगी रात्री १० पर्यंत आहे. हद्दीवर आम्ही मीटर ठेवणार आहोत, आकडा वाढला तर तुमच्या इंजिनिअरला सांगू."

मोजकीच वाक्यं. यात आकडा आहे, जागा आहे, मिनिटं आहेत, अक्षर आहे. रायडरमध्ये कंपन्यांची नावं असतात, एल-अकॉस्टिक्स, डी अँड बी, जेबीएल, आणि पुढे 'किंवा समकक्ष'. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं असेल तर ते पण याच उत्तरात लिहा. लोकल कॉपी डबे असतील तर लपवू नका, सामान उतरताना पहिल्या मिनिटाला कळतं.

हे लिहायचं म्हणजे मीटर हवं. 'ए' आणि 'सी' दोन्ही असलेलं साधं मीटर काही हजारांत येतं. क्लास २ चं, कॅलिब्रेटर लावून तपासता येणारं, महाग पडतं, पण रायडरची कामं वाढली की घ्या. मोबाईल अॅपवर भांडू नका. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो स्वतःच हात टेकतो आणि प्रत्येक फोन वेगळा आकडा दाखवतो. पहिलं काम मीटर घेऊन स्वतःच्या गोडाऊनबाहेर करा: एक टॉप लावा, १, २, ४, ८, १६ मीटरवर मोजा, वहीत लिहा. कंपनीच्या शीटपेक्षा ही वही तुमच्या जास्त कामाची. आणि कानात इअरप्लग घाला. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या हिशोबाने १०० डीबीएमध्ये दिवसाला १५ मिनिटं पुरे, आपण सीझनमध्ये रोज चार-चार तास उभे असतो.

गेल्या जानेवारीत परत एक गॅदरिंग आलं. वेगळं कॉलेज, वेगळा बँड, पण रायडरमधली ओळ तीच, १०५ डीबीए. मी वरचं उत्तर पाठवलं आणि खरं सांगतो, काम जाणार असं धरून चाललो होतो. अर्ध्या तासात त्यांच्या इंजिनिअरचा मेसेज आला: "९८ पुरेल. फक्त एफओएच खरंच मध्यभागी ठेवा, मंडपाच्या खांबामागे नको. आणि चहाची सोय असेल तर बरं."

मंडपवाल्याशी त्या खांबावरून माझं पाऊण तास भांडण झालं, तो किस्सा व्हिडिओत सांगितलाय. मीटर 'ए'वरून 'सी'वर कसं न्यायचं तेही त्यातच दाखवलंय. तुमच्याकडे आलेल्या रायडरमधली आवाजाची ओळ, कलाकाराचं नाव झाकून, मला पाठवा. पुढच्या रविवारच्या लाईव्हमध्ये तीन-चार ओळी घेऊन बसू.